धान्याचा माळा : आधी कडीपाट, मग कोठी

जुन्नर व आंबेगाव ह्या दोन तालुक्यांच्या पश्चिमेस, नाणेघाटापासून आहुप्यापर्यंत सह्याद्रीच्या कडेने जी गावे वसली आहेत, तेथील शेतकऱ्याच्या घरात माळा ही हौसेची वस्तू नव्हे. जूनमध्ये पावसाने एकदा ठाण मांडले की सप्टेंबर संपेपर्यंत जमिनीलगत ठेवलेली कोणतीही वस्तू कोरडी राहत नाही. भिंती ओल धरतात, जोत्यातून पाणी वर चढते आणि कपडेसुद्धा चुलीवर टांगल्यावाचून वाळत नाहीत. अशा घरात वर्षाचे भात, पुढील हंगामाचे बियाणे, नाचणी-वरईची गाठोडी आणि उन्हाळ्यात रानातून वेचून आणलेला बाळहिरडा ह्यांना सुरक्षित जागा एकच, ती म्हणजे माळा. कुटुंबाचे अन्न आणि कुटुंबाची रोकड ही दोन्ही त्या चार-पाच तुळयांवर अवलंबून असतात.

असे असूनही नवे घर बांधताना माळ्याच्या तळाचा विचार सर्वांत शेवटी होतो. दर्शनी भिंतीला कोणता रंग द्यावा ह्याची चर्चा आठवडाभर चालते. फरशी कोठून आणावी ह्यासाठी नारायणगाव-मंचरच्या दोन फेऱ्या होतात. आणि माळ्यावर मात्र स्लॅब ओतताना उरलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या, जुन्या छपराचे पत्रे, किंवा कोणी टाकून दिलेला प्लायवुडचा तुकडा जाऊन बसतो. हा क्रम उलटा केला पाहिजे. रंग पुढील वर्षी देता येतो. भात मात्र ह्याच वर्षी ठेवावयाचे असते.

जुन्या घरांची रचना पाहिली तर तिच्यामागे पुष्कळ अनुभव होता असे दिसून येते. दोन भिंतींवर किंवा मेढींवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, असा कडीपाट ज्यास परवडे तो करी. ज्यास परवडत नसे तो कड्यांवर कारवीच्या काठ्या एकमेकींस चिकटून बांधी, त्यावर बांबूचा तट्ट्या किंवा भाताचा पेंढा पसरी आणि वरून तूस व शेण मिसळलेल्या मातीचा दीड-दोन इंचांचा थर देऊन सारवून घेई. ह्या सारवलेल्या माळ्यास मागासलेपणाचे चिन्ह समजून काढून टाकण्याची घाई अलीकडे दिसते. ती अनाठायी आहे. कारवी व माती ह्यांचा तळ नीट केला असेल तर तो पत्र्यापेक्षा धान्यास कितीतरी अधिक मानवतो. कारण माती हवेतील थोडीबहुत ओल स्वतः शोषून घेते व कोरड्या दिवसांत ती परत सोडते. पत्रा तसे करीत नाही. रात्री तो लवकर गार पडतो, खालच्या स्वयंपाकघरातून वर आलेली वाफ त्याच्या अंगावर पाणी होऊन बसते, आणि पोत्याचा तळ ओला होतो. वरून पोते खडखडीत दिसते. उचलावयास गेले म्हणजे खाली बुरशीचा काळा-हिरवा पट्टा सापडतो.

हिरड्याच्या बाबतीत पत्र्याचा आणखी एक दोष आहे. हिरड्यात टॅनिन पुष्कळ असते, आणि टॅनिन, लोखंड व ओल ही तिन्ही एकत्र आली की काळा रंग तयार होतो. पूर्वी शाई ह्याच रीतीने बनवीत. उत्तम वाळवलेला बाळहिरडा गंजलेल्या पत्र्यावर पावसाळाभर पडून राहिला तर तळाचा थर डागाळतो आणि व्यापाऱ्याच्या हाती भाव पाडण्याचे आयते कारण मिळते. भाव चढेपर्यंत माल धरून ठेवण्याची ताकद ज्याच्यापाशी आहे, त्याने ती ताकद माळ्याच्या तळामुळे गमावू नये.

परंतु सारवलेल्या माळ्याचे वजन लक्षात घेतले जात नाही, ही त्याच्या समर्थकांची चूक होय. दोन इंच जाडीचा मातीचा थर वाळल्यावरही प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ऐंशी ते नव्वद किलो भरतो. त्यावर अजून एक दाणा ठेवलेला नाही. येथूनच ह्या विषयाच्या खऱ्या गाभ्याकडे वळावे लागते, आणि तो गाभा म्हणजे वजनाचा हिशोब.

राहत्या खोलीच्या मजल्यासाठी स्थापत्यशास्त्रात साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलोंचा भार धरतात. माणसे, खाट, पेटी, भांडी ह्यांस तो पुरेसा आहे. भाताची गोष्ट निराळी. एक घनमीटर भात सुमारे साडेपाचशे ते सहाशे किलो भरते; म्हणजे कणगीत कमरेइतके भात भरले की तिच्याखालील प्रत्येक चौरस मीटरवर राहत्या खोलीच्या अडीच ते तीन पट भार पडतो. दहा फूट लांब व आठ फूट रुंद माळा घेतला तर त्याचे क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटरांहून किंचित कमी येते. त्यावर पंचवीस क्विंटल भात सारखे पसरून ठेवले, म्हणजे पन्नास किलोंची पन्नास पोती, तर चौरस मीटरला सुमारे तीनशे चाळीस किलो झाले. मातीचा थर मिळवला की सव्वाचारशेच्या घरात गेले. इतका भार घ्यावयाचा हे आधीच ठरवून कड्या निवडल्या तर काही अवघड नाही. कड्या आधी बसवून भार मागाहून ठरवणे, ह्यात मात्र धोका आहे.

कडी निवडताना सुताराशी बोलावयाची पहिली गोष्ट ही की कडीचे बळ तिच्या उंचीत असते, रुंदीत नव्हे. रुंदी दुप्पट केली तर कडीचा ताठपणा दुप्पट होतो; उंची दुप्पट केली तर तो आठपट होतो. म्हणून चौकोनी मापाची कडी उभी बसवावी, आडवी कधीही बसवू नये. आठ फुटांच्या गाळ्यावर दीड-दीड फुटाच्या अंतराने तीन इंच रुंद व सहा इंच उंच अशा साग किंवा ऐनाच्या निर्दोष कड्या असल्या, तर वर सांगितलेला पंचवीस क्विंटलांचा भार त्या न वाकता घेतात. गाठी असलेली, चीर गेलेली किंवा पोखरलेली कडी ह्या हिशोबात धरू नये. गाळा दहा-बारा फुटांचा असेल तर कड्यांच्या मध्याखाली एक आडवी तुळई व तिला एक मेढ द्यावी. जाड कड्या विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते. भिंतीत कडीचे टोक निदान चार इंच तरी आत गेले पाहिजे, आणि ते टोक मातीत गच्च लिंपून टाकू नये. लाकूड कुजते ते ह्याच दडलेल्या टोकापासून. भोवती बोटभर जागा हवेसाठी सोडावी. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून राहिल्या, त्या हवेशीर व कोरड्या जागी राहिल्या म्हणूनच. आणि येथे वीस वर्षांची कडी भिंतीत कुजून बसते. लाकूड तेच, ठेवण निराळी.

सर्व वजन सारखे पसरावे असे नाही. जड पोती भिंतीलगत, म्हणजे कड्यांच्या टोकांकडे रचावी व मधली वाट मोकळी ठेवावी. एकाच कणगीत सर्व भात भरून ती माळ्याच्या मधोमध ठेवणे हा सर्वांत वाईट प्रकार होय.

येथे कृषिखात्याच्या प्रचाराविषयीही स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. धान्यसाठवणुकीसाठी पत्र्याच्या कोठ्यांचा पुरस्कार अनेक वर्षे होत आला आहे आणि तो योग्यच आहे. उंदीर व कीड ह्यांपासून बंद कोठीइतके संरक्षण दुसऱ्या कशाने मिळत नाही. परंतु कोठी देताना ती कोठे ठेवणार हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पाच क्विंटलांची, अडीच फूट व्यासाची कोठी भरली म्हणजे तिच्या तळाखाली चौरस मीटरला हजार किलोंहून अधिक भार येतो. अशी कोठी कारवीच्या माळ्यावर चढवणे म्हणजे घरात झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर संकट टांगून ठेवणे होय. कोठीचे स्थान खालच्या मजल्यावर, जोत्यापासून वीतभर उंच लाकडी घडवंचीवर व भिंतीपासून दूर असे असावे. माळ्यावरच ठेवणे भाग असेल तर लहान, दीड-दोन क्विंटलांच्या कोठ्या निरनिराळ्या कड्यांवर भिंतीलगत ठेवाव्या आणि प्रत्येकीखाली दोन कड्यांवर टेकणारा जाड पाट घालावा. कोठीच्या मागणीअर्जात माळ्याच्या कड्यांचे माप व अंतर लिहिण्यास एक ओळ ठेवली, तर खात्याचे काही बिघडणार नाही. सिमेंटच्या घरांत दार-खिडक्यांवर काढलेला दोन फुटांचा अरुंद माळा हा तर डबे-भांड्यांसाठीच असतो. त्यावर भाताची पोती रचू नयेत, हे निराळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

आता तळ कशाचा करावा? ज्यास लाकूड परवडते त्याने एक इंच जाडीच्या फळ्या वापराव्या. साग सर्वांत चांगला व सर्वांत महाग. ऐन बळकट व जड असतो, परंतु वाळताना चिरतो, म्हणून चांगला मुरलेलाच घ्यावा. आंबा सहज मिळतो आणि म्हणूनच सर्वत्र वापरला जातो. तथापि त्यास भुंगा फार लवकर लागतो. घरचाच आंबा वापरावयाचा असेल तर कापलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून कित्येक महिने रचून वाळवाव्या व बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून घ्याव्या. झाड स्वतःच्या बांधावरचे असले तरी ते तोडण्यापूर्वी परवानगी लागते किंवा कसे, ह्याची चौकशी तलाठी वा वनरक्षकाकडे करून घ्यावी. वृक्षतोडीसंबंधीचा 1964 चा कायदा आजही लागू आहे.

फळ्या बसवण्याची वेळही पाहावी लागते. घाटमाथ्यावर मे महिन्यात लाकूड कमालीचे सुकते आणि श्रावणात फुगते. मेमध्ये फळ्या एकमेकींस ठोकून गच्च बसवल्या तर पावसाळ्यात त्या फुगून वर उचलल्या जातात. पावसाळ्यात बसवल्या तर उन्हाळ्यात त्यांच्यामध्ये फटी पडतात व त्यांतून दाणे खाली गळतात. म्हणून काम उन्हाळ्यात करावे, परंतु दोन फळ्यांमध्ये जाड पुठ्ठ्याएवढी व भिंतीपाशी अर्धा इंच जागा सोडावी, आणि फटीखाली बारीक पट्टी मारावी. ही पट्टी एकाच फळीस खिळवावी. दोन्ही फळ्यांस खिळवली तर फळीला हलण्यास वाव उरत नाही व ती चिरते. सुतार खाच व जीभ काढून फळ्या एकमेकींत बसवून देत असेल तर पट्टीची गरज नाही, पण मजुरी वाढते.

प्लायवुड वापरावयाचे असल्यास ते पाण्यात न सुटणारे व निदान पाऊण इंच जाडीचे घ्यावे, वरच्या पापुद्र्याचे रेषे कड्यांना आडवे येतील असे बसवावे आणि प्रत्येक सांधा कडीवरच आणावा. भुशाचे दाबलेले तक्ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. ओल लागताच ते पावासारखे फुगतात.

कारवीच्या माळ्यास आज दोन अडचणी आहेत. पहिली, भीमाशंकरचे रान 1985 पासून अभयारण्य आहे व तेथून कारवी तोडता येत नाही. दुसरी, कारवी सात वर्षांनी एकदा फुलते व फुलून गेल्यावर वाळते. पक्की, टिकाऊ काठी मिळते ती तेव्हाच. कोवळी कारवी वापरली तर दोन-तीन पावसाळ्यांत तिचा भुगा होतो. ह्यास उत्तर बांबूचे आहे. वनाबाहेर वाढवलेला बांबू 2017 मधील कायद्याच्या दुरुस्तीने ‘झाड’ ह्या व्याख्येतून वगळला गेला. तेव्हा बांधावर मानवेल किंवा कळक लावून स्वतःच्या माळ्यापुरती सामग्री उभी करणे प्रत्येकास शक्य आहे. बांबू तीन वर्षांहून अधिक वयाचा व हिवाळ्यात तोडलेला असावा. कोवळ्या बांबूत पिठूळ अंश जास्त असतो व त्यालाच भुंगा लागतो. वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत ह्यामुळेच उपयोगी ठरते. हा अंश त्यात धुऊन जातो. त्यानंतर बांबू चिरून पट्ट्या कड्यांवर लगत बांधाव्या.

लाकडास वा बांबूस वाळवी लागू नये म्हणून गाडीचे जळके तेल फासण्याची रीत गावोगाव पडली आहे. गोठ्याच्या खांबांना ते चालेल. धान्याच्या माळ्यावर ते मुळीच चालणार नाही. त्याचा वास व त्यातील विषारी द्रव्ये महिनोन्‌महिने जात नाहीत आणि भात ते सहज उचलते. बोरॅक्सचे द्रावण वापरलेल्या तळावरही सुटे धान्य ओतू नये, पोती किंवा तट्ट्या मध्ये असावा.

उंदराचा बंदोबस्त तळ बांधतानाच होतो, नंतर होत नाही. पाव इंचाची फट लहान उंदरास पुरते. म्हणून बांबू किंवा कारवी व माती ह्यांच्यामध्ये पाव इंची लोखंडी जाळी पसरून ती भिंतीवर चार बोटे वर वळवावी व मग सारवावे. हिला मातीतच ठेवावी, धान्यास तिचा स्पर्श होऊ देऊ नये. मेढींना माणसाच्या उंचीवर पत्र्याच्या उलट्या टोप्या बसवाव्या, आणि शिडी काम झाल्यावर काढून ठेवावी. ही शेवटची गोष्ट फुकट आहे, तरी ती सर्वांत कमी पाळली जाते. माळ्यावरून गेलेली विजेची तार उंदीर कुरतडतो व पेंढा हाताशीच असतो. ती तार नळीतून न्यावी.

नवे सारवण कितीही कोरडे दिसले तरी त्यावर लगेच पोती ठेवू नयेत. तळहाताला गारवा लागत असेल तोवर आत पाणी आहे असे समजावे. भातही चांगले वाळलेले, बारा-तेरा टक्क्यांहून अधिक ओल नसलेले असावे. दाताखाली दाणा ‘कट्’ असा तुटला पाहिजे, दबता कामा नये.

ह्या सर्वांच्या मागे एक बदल आहे, ज्याचा विचार पुरेसा झालेला नाही. पूर्वी चूल माळ्याखाली असे. तिचा धूर तळातील फटींतून वर जाई, कड्या काळ्याभोर होत आणि सोंडे व पतंग त्या धुरात टिकत नसत. खालची ऊबही धान्य कोरडे ठेवी. 2016 पासून उज्ज्वला योजनेमुळे गॅस ह्या गावांतही पोचला. स्त्रियांच्या डोळ्यांची व फुफ्फुसांची त्यामुळे मोठी सुटका झाली, आणि धान्यासाठी त्यांनी पुन्हा धुरात बसावे असे कोणीही म्हणणार नाही. पण धुराने जे काम फुकट केले होते ते आता कोणीतरी केले पाहिजे. फटी असलेला जो माळा धुरासाठी योग्य होता, तोच धूर गेल्यावर केवळ ओलसर हवेची वाट होऊन बसला. म्हणून जुन्या माळ्याचा तळ आता बंद करणे, पावसाळ्यापूर्वी धान्याला पुन्हा ऊन देणे व माळ्याच्या भिंतीस वर समोरासमोर दोन जाळीचे झरोके ठेवून ते पावसाच्या दिवसांत मिटणे, ही कामे करावीच लागतील. जेथे चूल अजून आहे तेथे ती माळ्याखालून बाजूला न्यावी आणि कड्यांवरचे काजळ झाडावे. ते सहज पेट घेते.

पूर्वेकडील ओतूर, आळेफाटा, मंचर ह्या बाजूच्या शेतकऱ्यांस वरील सल्ला कांद्यासाठी लागू पडत नाही, उलट नेमका विरुद्ध पडतो. धान्याला बंद तळ हवा, कांद्याला उघडा. कांदा जिवंत असतो, तो ऊब व ओल बाहेर टाकीत राहतो. त्याला खालून वारा मिळाला नाही तर सडतो. म्हणून कांद्याच्या चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच व पट्ट्यांमध्ये फटी ठेवून करतात, आणि थर चार-पाच फुटांपेक्षा उंच होऊ देत नाहीत. घरच्या माळ्यावर भाताशेजारी कांद्याचा ढीग ओतण्याची सवय काही घरांत आहे. कांद्याची वाफ भाताला लागते आणि बंद तळामुळे कांदाही टिकत नाही. दोघांचेही नुकसान होते.

शिवनेरीवर अंबरखान्याचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. ज्यांनी तो बांधला त्यांस दारूगोळ्याइतकीच धान्याचीही चिंता होती. त्याच गडाच्या परिसरातील घरांत 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने कितीतरी छपरे उडवली व माळ्यावरचे धान्य उघड्यावर भिजले. हिरड्याच्या झाडांचेही त्या वादळात मोठे नुकसान झाले. छप्पर उडाल्यावर कोणताही तळ धान्य वाचवू शकत नाही हे खरे. परंतु ज्यांच्याकडे पोत्यांवर घालण्यास ताडपत्री आधीपासून माळ्यावर घडी करून ठेवलेली होती, त्यांना निदान ती ओढून घेता येत होती. माळ्याच्या खर्चात एका ताडपत्रीची व तुळईला पाखे बांधून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची रक्कम आरंभीच धरावी. हे काम मार्च ते मे ह्या महिन्यांत, मजूर मोकळे असताना व माळा रिकामा होत आला असताना उरकावे. प्रथम सर्व सामान खाली उतरवून प्रत्येक कडीच्या टोकात सुरीचे पाते टोचून पाहावे. पाते सहज आत गेले तर ती कडी बदलल्यावाचून वर एकही पोते चढवू नये.